डावीकडे झुकलेली रेघ

वरचा पाइप हाताला चटका देत होता आणि खालचा गारढोण होता.

त्सुनेओने हात मागे घेतला, कोटाला पुसला आणि पुन्हा खालच्या पाइपावर ठेवला. सत्तेचाळीस वर्षं गाड्यांची पोटं उघडण्यात गेलेल्या माणसाला एकदा हात लावला की पुरतं. आज त्याला दुसऱ्यांदा लावून बघावासा वाटला. पाइप गारच होता. म्हणजे इंजिनातलं पाणी आतल्या आत उकळत होतं आणि रेडिएटरमधलं निवलेलं पाणी त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं. मधलं दार बंद होतं.

घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी उभी होती. वीस वर्षांची छोटी पांढरी गाडी, लहान इंजिनाच्या गाड्यांना असते तशा पिवळ्या नंबरपाटीची. उघड्या बॉनेटखालून तापलेल्या कूलंटचा गोडसर वास अजून येत होता. भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजून गेला होता. शुश्रूषागृहात त्याच्या बायकोचं, फुमिएचं जेवण साडेअकराला असतं.

सकाळी दहाला तो निघाला तेव्हा सगळं ठीक होतं. खिंडीचा चढ लागला, पहिला बोगदा गेला, दुसरा गेला आणि तिसऱ्याच्या तोंडाशी तापमानाचा काटा मधली जागा सोडून वर सरकू लागला. गाडी तापली तर काय करायचं हे त्याने जन्मभर गिऱ्हाइकांना सांगितलं होतं. हीटर पूर्ण सोडा, खिडक्या उघडा, जागा बघून थांबा, आणि काही झालं तरी गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. त्याने ते सगळं केलं. हिवाळ्यात बर्फावर घसरू नये म्हणून चाकांना साखळ्या बांधायला रस्त्याकडेला जागा ठेवलेली असते, तिथे तो पाऊण तास थांबला. शेजारच्या सीटवर डबा होता. भाताची मऊ पेज, किसलेला मुळा आणि पिकून लिबलिबीत झालेल्या पर्सिमॉनचा गर. पुढे अकरा किलोमीटर उरले होते आणि चढ संपायचा होता. मागे उतार होता. डब्याकडे न बघता त्याने गाडी वळवली आणि जवळजवळ घरंगळतच तो घरी आला.

घरी आल्या आल्या त्याने शुश्रूषागृहाला फोन केला होता. तिथली बाई म्हणाली, आजींनी दोन चमचे घेतले आणि तोंड मिटून घेतलं. काळजी करू नका आजोबा, संध्याकाळी बघू.

फुमिएला अर्धांगाचा झटका येऊन अडीच वर्षं झाली होती. बोलणं गेलं, उजवी बाजू गेली. माणसं ओळखते की नाही हे कुणालाच सांगता येत नसे, त्सुनेओलाही नाही. फक्त एक होतं. त्याने चमचा वाटीच्या काठावर दोनदा वाजवला की ती तोंड उघडे. शुश्रूषागृहातल्या मुलींनीही तसाच चमचा वाजवून पाहिला होता, पण त्यांच्यासाठी ती दोन-चार चमच्यांपलीकडे तोंड उघडत नसे. पूर्वी गॅरेजात चहाची वेळ झाली की तो पान्याने लोखंडी नळीवर दोन ठोके द्यायचा आणि ती मागच्या दाराने चहा घेऊन यायची. त्यातलं काही तिच्यात उरलं असावं. किंवा नसेलही. त्सुनेओ त्याचा फार विचार करत नसे. तो रोज जायचा आणि चमचा वाजवायचा. या आठवड्यात तिथे तापाची साथ आली म्हणून सोमवार ते बुधवार बाहेरच्यांना बंदी होती. तीन दिवसांनंतर आज दार उघडलं होतं, आणि आजच गाडीने दगा दिला.

दगा दिला हे बरोबर नाही, असं त्याच्या मनात आलं. गाडी दगा देत नाही. कुणीतरी काहीतरी केलेलं असतं, नाहीतर करायचं राहिलेलं असतं. हे वाक्य त्याचंच होतं. चौदा पोरं त्याच्या हाताखाली शिकून गेली, प्रत्येकाने ते शंभरदा तरी ऐकलं असेल.

त्याने क्रमाने सुरुवात केली. कूलंट थोडं उतू गेलं होतं, पण पातळी फार खाली नव्हती. कुठे गळती नव्हती. शेडच्या फरशीवर पसरलेला पुठ्ठा कोरडा होता. तेलाची पट्टी काढून पाहिली, तेल काळं होतं पण त्यात दुधाळपणा नव्हता, म्हणजे पाणी तेलात गेलेलं नव्हतं. पट्टा ताठ होता. पंखा फिरत होता. वरचा पाइप निवेपर्यंत थांबून रेडिएटरच्या झाकणाचं रबर नखाने दाबून पाहिलं, मऊ होतं. उरला थर्मोस्टॅट. इंजिन थंड असताना बंद राहायचं आणि तापलं की उघडायचं, एवढंच काम असलेलं ते बोटाएवढं दार.

पण थर्मोस्टॅट नवा होता. जुना उघडाच अडकून राहिला होता, गाडीत ऊब येत नव्हती, म्हणून रविवारी तो खालच्या गावात इमाओकाच्या गॅरेजात गेला होता. इमाओकाने नवा बसवला. चार दिवस झाले, आणि मधले तीन दिवस गाडी जागची हलली नव्हती.

त्सुनेओने बोटं पुसली. त्याला राग आला, आणि राग आल्याचं कुठेतरी बरंही वाटलं.

या बरं वाटण्यामागे मुलीचा फोन होता. कानाए हिरोशिमाला असे. दर रविवारी रात्री फोन करी आणि दर वेळी फिरून फिरून त्याच गोष्टीवर येई. ऑगस्टात, पितर घरी येतात त्या दिवसांत ती आली होती, तेव्हा गाडीचा परवाना परत करायचा अर्ज घेऊन आली होती. सही करायच्या जागेभोवती पेन्सिलीने गोल करून तिने तो टेलिफोनखालच्या खणात ठेवला होता. गेल्या वर्षी वरच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्याने ब्रेकऐवजी दुसरंच पेडल दाबलं आणि गाडी भाजीच्या दुकानात घातली, तेव्हापासून तिचा धीर सुटला होता. पुढच्या महिन्यात त्सुनेओची परवान्यासाठी आठवणीची परीक्षा होती. सोळा चित्रं दाखवतात, मग दुसरंच काहीतरी करायला लावतात, आणि मग चित्रं आठवून लिहायची. तोफ, कान, द्राक्षं, पक्कड. त्याने शहरातून पुस्तिका आणून घोकून ठेवली होती. सोळाच्या सोळा येत होती.

रविवारी कानाए म्हणाली होती, "बाबा, चित्रं पाठ करून काय होतं? रस्त्यावर चित्रं येत नाहीत समोर."

आणि तो म्हणाला होता, "ज्या दिवशी गाडीच्या कामात माझी एक चूक निघेल ना, त्या दिवशी मीच नेऊन देईन परवाना. तुला सांगावं लागणार नाही."

बाबांचा शब्द म्हणजे आवळलेला बोल्ट, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. ती म्हणाली, बरं.

परवाना गेला की काय राहतं याचा हिशेब अवघड नव्हता. खिंडीपलीकडे जाणारी बस मंगळवारी आणि शुक्रवारी. बाकीचे पाच दिवस चमचा वाजवायला कुणी नाही.

त्याने इमाओकाला फोन लावला. एरवी तो फोनवर तीन वाक्यांपलीकडे बोलत नसे, आज बोलला. सत्तर हजार किलोमीटर चाललेल्या इंजिनाचं डोकं आज वाकलं असतं, म्हणाला. रविवारी काम करताना तुझं लक्ष कुठे होतं, म्हणाला. आणि शेवटी म्हणाला, "पार्ट तरी खोटा आहे, नाहीतर तू उलटा तरी बसवलास. फुमिए उपाशी राहिली आज."

पलीकडे गॅरेजातला आवाज ऐकू येत होता, चाकाचे नट सुटत असल्याचा. आवाज थांबला.

"रविवारी," इमाओका म्हणाला. मग जरा वेळाने, "हो, उस्ताद. माझंच चुकलं असणार. आलोच."

अर्ध्या तासात तो आला. साठीला टेकलेला, रुंद, टक्कल पडलेला माणूस. एकोणिसाव्या वर्षी त्सुनेओकडे शिकायला आला आणि मग गेलाच नाही. नऊ वर्षांपूर्वी त्सुनेओने गॅरेज त्याच्या हवाली केलं. हातात नवं गॅस्केट आणि कूलंटचा डबा होता. आत येताना शेडच्या अरुंद दारात तो किंचित आडवा झाला.

"आधी तुझं पोट पोचतं, तू मागून येतोस," त्सुनेओ म्हणाला. अजून तो घुश्शातच होता.

"बायको म्हणते, जॅक लावल्याशिवाय हे उचलत नाही," इमाओका म्हणाला आणि बाह्या सरसावल्या. "सरा बाजूला. मी खोलतो, तुम्ही टॉर्च धरा."

"टॉर्च तू धर. चूक करणाऱ्याने टॉर्च धरायचा असतो. विसरलास?"

हा त्सुनेओच्या गॅरेजचा जुना नियम होता. ज्याच्या हातून काम बिघडलं त्याने पुन्हा पाना धरायचा नाही. दुसरा दुरुस्त करील आणि बिघडवणारा उजेड दाखवील. ओरडणं नाही, काही नाही. उजेड धरून दुसऱ्याचे हात बघत उभं राहणं हे ओरडण्यापेक्षा वाईट होतं, आणि म्हणून सगळे लवकर शिकत. इमाओकाने टॉर्च घेतला.

पाणी तसराळ्यात काढून घेतलं. गाडी निवली होती. थर्मोस्टॅटच्या घराचं झाकण खाली, पाइपांच्या आड होतं. दोन बोल्ट, दहा नंबरचे. पाना नीट बसावा म्हणून त्सुनेओने उतू गेलेल्या कूलंटचा चिकटा फडक्याने पुसला, आणि पुसता पुसता त्याचा हात थांबला.

बोल्टच्या डोक्यावरून खालच्या धातूवर उतरलेली एक पांढरी रेघ होती.

बोल्ट पूर्ण आवळून झाला की त्यावर रेघ मारायची, ही त्सुनेओची शिकवण. बोल्ट ढिला झाला तर रेघ तुटलेली दिसते. आणि काम कुणी केलं तेही रेघेवरून कळतं, कारण दोन माणसांच्या रेघा कधी सारख्या नसतात. ज्याची रेघ, त्याचं काम. इमाओकाची रेघ आखूड आणि सरळ, आणि गॅरेज हातात आल्यापासून पिवळी. पिवळा लवकर डोळ्यांत भरतो म्हणून त्याने पेनं बदलली तेव्हा त्सुनेओ महिनाभर कुरकुरला होता. ही रेघ पांढरी होती, लांब होती आणि खाली येता येता डावीकडे झुकली होती. एकतिसाव्या वर्षी जॅक निसटून त्सुनेओचं उजवं मनगट मोडलं, ते किंचित वाकडंच जुळलं, आणि तेव्हापासून त्याची प्रत्येक रेघ डावीकडे झुकत आली होती.

दुसऱ्या बोल्टवरही तशीच होती.

टॉर्चचा उजेड बोल्टांवरून हलकेच बाजूला सरकला, आणि काही नसलेल्या जागी पडला.

"तुझ्याकडे पांढरी पेनं आहेत का हल्ली?" त्सुनेओने विचारलं.

"असतात एखादं-दुसरं."

त्सुनेओ सरळ उभा राहिला. समोरच्या फळीवर काढलेले जुने पार्ट तारेने टांगलेले होते. प्रत्येकाला पुठ्ठ्याची चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख. टोकाला एक थर्मोस्टॅट होता. तारीख रविवारची होती आणि अक्षर त्याचं होतं. त्याने रविवार आठवायचा प्रयत्न केला. इमाओकाच्या गॅरेजातला रॉकेलचा स्टोव्ह आठवला, बार्लीचा चहा आठवला, कानाएचा रात्रीचा फोन शब्दन् शब्द आठवला. मधली दुपार आठवेना. खण ओढावा आणि तो सहज, हलका बाहेर यावा, तसं झालं. काही अडकलेलं नव्हतं, आत काही नव्हतंच.

त्याने पाना इमाओकापुढे धरला आणि दुसऱ्या हाताने त्याच्याकडून टॉर्च घेतला.

इमाओका बराच वेळ पान्याकडे बघत राहिला. मग त्याने वाकून बोल्ट सोडवायला घेतले. झाकण निघालं. आतला थर्मोस्टॅट उलटा होता. ज्या टोकाला इंजिनाची धग लागायला हवी ते टोक रेडिएटरच्या थंड पाण्याकडे तोंड करून बसलं होतं. त्याला तापल्याचं कधी कळणारच नव्हतं. पहिल्या वर्षाचं पोरही असं करत नाही. इमाओकाने झटकन तो उचलून मुठीत घेतला आणि मूठ उघडली तेव्हा तो सुलटा होता.

"पार्टच खराब असेल, उस्ताद," तो म्हणाला. "हल्ली काय वाट्टेल तो माल येतो."

"उकळून बघू."

स्वयंपाकघरात त्सुनेओने फुमिएचं अंडी उकडायचं छोटं पातेलं काढलं, पाणी घालून गॅसवर ठेवलं. थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पाण्यात असा सोडला की तळाला टेकू नये, बाजूला तापमापक धरला. दोघं म्हातारे गॅसपाशी उभे राहून पाण्याकडे बघत राहिले. खिडकीबाहेर वळचणीला सोललेली पर्सिमॉनं दोऱ्यांवर सुकत होती. यंदा त्याने ती एकट्यानेच सोलली होती, साली जाड निघाल्या होत्या.

साठ. सत्तर. पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे धरू लागले.

रविवारी काय झालं ते सांग, असं त्सुनेओने शांतपणे विचारलं. इमाओकाने सांगितलं. दहाच्या सुमाराला तुम्ही आलात. मी म्हटलं, गाडी ठेवून जा, दुपारपर्यंत बसवून देतो. तुम्ही म्हणालात, मला काय हात नाहीत? चहा घेतलात, पार्ट खिशात घातलात आणि गेलात. एवढंच.

"मग फोनवर हो का म्हणालास?"

ब्याऐंशीला काटा आला आणि थर्मोस्टॅटने तोंड उघडलं. हळूहळू, शिंपल्यासारखं, जिथे उघडायला हवं तिथेच. पार्टात काही खोट नव्हती. इमाओकाने गॅस बारीक केला.

"ते तांदूळवाल्याचं आठवतं तुम्हाला?"

त्सुनेओला आठवत होतं. ते चाळीस वर्षांपूर्वीचं होतं म्हणून लख्ख आठवत होतं. तेल बदलताना इमाओकाने खालचा बोल्ट नुसता हाताने लावून ठेवला, आवळायचा राहिला. वाटेत तेल गळून तांदूळवाल्याच्या ट्रकचं इंजिन जॅम झालं. त्सुनेओने इंजिन स्वतः दुरुस्त करून दिलं, आणि इमाओकाला एकट्याला त्याच्या घरी पाठवलं. दारात उभं राहून, कमरेत वाकून, चूक कुणाची ते स्वतःच्या तोंडाने सांगून ये म्हणून.

"बर्फ पडत होतं," इमाओका म्हणाला. "म्हातारा दारात आलाच नाही. मी वाकूनच उभा होतो, पाठीवर बर्फ साठलं. येताना सगळ्या वाटेवर मला एकच वाटत होतं, उस्तादांनी एकदा माझ्यासाठी खोटं बोलायला हवं होतं. एकदाच. नंतर मारलं असतं तरी चाललं असतं."

पातेल्यातलं पाणी कडेने हलत होतं. त्सुनेओने दोरा उचलून थर्मोस्टॅट बाहेर काढला. तो निवला तसा आपोआप मिटत गेला.

"बोलायला हवं होतं," तो म्हणाला.

इमाओकाने मान वर केली नाही.

"पण मी बोललो नाही ना रे. आता तू माझ्यासाठी बोललास तर त्या बर्फाचं काय करायचं?"

इमाओकाने नाक ओढलं आणि उगाचच म्हणाला की, गॅस आता बंद केला तरी चालेल. त्सुनेओने बंद केला.

शेडमध्ये परत आल्यावर इमाओकाने थर्मोस्टॅट बसवला, झाकणाच्या कडा खरवडून नवं गॅस्केट घातलं, बोल्ट आवळले. त्सुनेओ टॉर्च धरून उभा होता. इमाओका काम चांगलं करत होता; घाई नाही, एकेक बोल्ट अर्धा अर्धा, आळीपाळीने. असंच शिकवलं होतं. उजेड हलू नये म्हणून त्सुनेओने कोपर गाडीला टेकवलं.

मग पाणी भरलं, इंजिन चालू करून अडकलेली हवा निघू दिली, आणि दोघं वाट बघत थांबले. दहा मिनिटांनी इमाओका म्हणाला, हात लावून बघा. त्सुनेओने खालच्या पाइपाला हात लावला. आधी गार, मग कोमट, मग एकदम आतून कुणीतरी आल्यासारखी धग सरकत आली. त्याने हात काढला नाही. चटका बसेपर्यंत ठेवला.

नेहमीच्या सवयीने त्याचा डावा हात वरच्या खिशाकडे गेला आणि पांढरं पेन बाहेर आलं. त्याने टोपण काढलं. बोल्टवर जुन्या रेघेचे दोन तुकडे दिसत होते, एक बोल्टच्या डोक्यावर, एक खाली धातूवर. बोल्ट नव्याने आवळल्यावर ते आता एकमेकांशी जुळत नव्हते. त्याने थोडा वेळ पाहिलं, पेनाचं टोपण लावलं आणि ते खिशात न ठेवता फळीवर, जुन्या पार्टांच्या शेजारी ठेवलं.

"तुझं पिवळं आणलंयस ना? मार."

इमाओकाने आखूड, सरळ रेघा मारल्या. जुनी पुसून टाकू का, म्हणून त्याने फडकं उचललं. त्सुनेओ म्हणाला, राहू दे.

शुश्रूषागृहात संध्याकाळचं जेवण साडेपाचला असे. चार वाजून गेले होते. त्सुनेओने डब्यातली पेज पुन्हा गरम केली, थोडं पाणी घालून सैल केली, डबा कापडात बांधला. मग टेलिफोनखालचा खण उघडला. अर्ज जिथे होता तिथेच होता, पेन्सिलीचा गोल जरा पुसट झाला होता. सही करायला त्याला फारसा वेळ लागला नाही. परवाना पाकिटातून काढला. त्यावरची सोनेरी पट्टी, इतक्या वर्षांत एकही गुन्हा, एकही अपघात नसल्याची, पाकिटात राहून राहून कडेला घासली गेली होती. त्याने तो अर्जाच्या घडीत ठेवला आणि अर्ज आतल्या खिशात. कानाएचा फोन रविवारी येईल. तोवर थांबायला हरकत नव्हती. सांगावं लागणार नाही असं म्हणाला होता. पण सांगावं लागणार होतं, त्यालाच.

शेडमध्ये इमाओका हात पुसत उभा होता. मीही बरोबर येतो, माझी गाडी इथेच राहू द्या, उद्या नेतो, असं काहीतरी तो म्हणत होता. त्सुनेओने त्याच्या हातात किल्ली ठेवली.

"तू चालव."

इमाओकाने किल्लीकडे पाहिलं. "एवढ्याने काही होत नाही, उस्ताद. आजच्या दिवस तरी..."

"सोमवारी परवाना द्यायला पोलीस ठाण्यात जायचंय. वेळ आहे का तुला?"

इमाओकाने किल्ली मुठीत धरली. "सोमवारी मोकळा आहे मी," तो म्हणाला.

त्सुनेओ डावीकडून आत बसला. ही सीट फुमिएची. हॉस्पिटलातून शुश्रूषागृहात नेताना तिचे पाय टेकावेत म्हणून त्याने ती पार पुढे ओढून ठेवली होती, त्यानंतर तिथे डब्याशिवाय कुणी बसलं नव्हतं. त्याचे गुडघे पुढच्या कप्प्याला टेकले. डबा ठेवायला मांडीवर जेमतेम जागा उरली.

"सीट मागे घ्या," इमाओका म्हणाला. "खाली दांडी आहे बघा, उजव्या हाताला."

"माहीत आहे."

त्याने सीट मागे घेतली नाही. गाडी शेडच्या बाहेर आली, वळली आणि खिंडीच्या रस्त्याला लागली. डोंगरावरचं ऊन वर वर सरकत गेलं होतं, खाली दरीत आधीच काळोख साठू लागला होता. पहिला बोगदा आला आणि गेला. इमाओका गाडी सावकाश चालवत होता, वळणं लांबून घेत होता, शेजारी म्हातारं माणूस बसलं असेल तर घेतात तशी.

दुसरा बोगदा संपला तेव्हा इमाओकाने घसा साफ केला. बस फक्त दोनच दिवस असते ना, म्हणाला. बाकीच्या दिवसांचं...

पण त्सुनेओ समोर बघत होता. त्याला जिथे बघायचं होतं ते या बाजूने दिसत नव्हतं. मधे स्टिअरिंग येत होतं, आणि त्यामागच्या काट्यांच्या काचेवर फक्त आभाळाचा उजेड चमकत होता. इतकी वर्षं ही गाडी त्याची होती, पण फुमिएला इथून काय दिसतं आणि काय दिसत नाही हे त्याला आजवर माहीत नव्हतं.

तिसऱ्या बोगद्याचं तोंड समोर आलं. त्याने दोन्ही हातांनी डबा धरला. तो अजून गरम होता.

"काटा कुठे आहे?" त्याने विचारलं.

"मध्यावर, उस्ताद," इमाओका म्हणाला.